१०० युनिटांची रेषा आणि मराठवाड्याचा उन्हाळा : विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

तसेच आमच्या घरांना वीज पुरवणाऱ्या वितरण कंपनीचे व्यवस्थापन

विषय : उष्ण जिल्ह्यांतील घरगुती ग्राहकांसाठी उन्हाळ्याच्या चार महिन्यांत वीजदराचे वेगळे टप्पे ठरवण्याबाबत

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माध्यमिक शाळेत ३१ वर्षे भूगोल शिकवताना मी दरवर्षी महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर काढत असे आणि कोकणचे हवामान निराळे, घाटमाथ्याचे निराळे आणि आपल्या मराठवाड्याचे निराळे, हे मुलांकडून पक्के करून घेत असे. घरगुती विजेचे टप्पे ठरवताना मात्र तो नकाशा कोणी समोर ठेवत नाही, याची आता मला खात्री पटली आहे. म्हणूनच हे पत्र केवळ टपालाने आपल्याकडे न पाठवता मी सर्वांसमोर ठेवत आहे.

निमित्त यंदाच्या उन्हाळ्याचे आहे. एप्रिलअखेरीस आमच्याकडे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे २,३४० रुपयांचे वेगळे बिल आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांचा साठलेला वापर एकाच महिन्याच्या नावावर टाकलेले बिल आले. त्या बिलावर मी लेखी हरकत घेतलेली असतानाच, रक्कम न भरल्यास वीजपुरवठा खंडित केला जाईल, असा संदेश मोबाइलवर आला. त्या दिवशी घरात बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी मुलगी, तिचे पावणेदोन महिन्यांचे बाळ आणि ८६ वर्षांच्या माझ्या सासूबाई होत्या. मी तो संदेश कोणालाही वाचून दाखवला नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे : ज्या प्रदेशात वर्षातले चार महिने पंखा आणि कूलर यांवाचून माणूस घरात राहू शकत नाही, त्या प्रदेशातील कुटुंबाला त्या चार महिन्यांच्या गरजेपोटी चैनीच्या वापराचा दर लावणे अन्यायाचे आहे, आणि तो अन्याय दूर करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला आहे.

मराठवाडा वाळवंट नाही, हे मला माहीत आहे. पण तो समुद्रापासून दूर आहे आणि पर्जन्यछायेत आहे. मुंबईला संध्याकाळी समुद्राचा वारा मिळतो, तो आमच्यापर्यंत पोहोचत नाही. आमची काळी माती आणि तिच्याखालचा काळा पाषाण दिवसभर तापतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत लातूर, धाराशिव, बीड, जालना, हिंगोली येथे पारा ४० अंशांच्या वर जाणे ही बातमीही राहत नाही. परभणी आणि नांदेडला तो ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. हवा कोरडी असल्यामुळे आमच्याकडे घरोघरी जो कूलर दिसतो त्याला दुकानदारही ‘डेझर्ट कूलर’ म्हणूनच विकतात. भर दुपारी गावातल्या रस्त्यावर उभे राहिले की ते नाव आम्हाला परके वाटत नाही.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी हा उन्हाळा विजेवाचून काढलाच ना, असा प्रश्न मला एकदा एका अधिकाऱ्याने विचारला होता. तो प्रश्न मी मनाला लावून घेतला, कारण त्याचे उत्तर माझ्या स्वतःच्या घराच्या इतिहासात आहे. माझे बालपण माळवदाच्या घरात गेले. दोन-अडीच हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी खण, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरीची माती. वैशाखातल्या दुपारी आम्ही भावंडे त्या घरातल्या आतल्या खोलीत जमिनीवर झोपत असू आणि पंख्याची आठवणही होत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्याच जाड भिंती आणि तीच माळवदे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर या भागात कोणी धीराने दगड-मातीचे घर बांधले नाही. जीव वाचावा म्हणून लोक सिमेंटच्या छताखाली आणि पत्र्याखाली राहायला गेले, आणि ते योग्यच होते. पण सिमेंटचे छत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते. पत्र्याच्या घराविषयी तर बोलायलाच नको. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून बाळाला पाजणाऱ्या बाईला विजेचा पंखा ही चैन आहे असे सांगण्याचे धैर्य मला होणार नाही, आणि आपल्यालाही होणार नाही, असा मला विश्वास आहे.

आता हिशेब मांडते. मी गेली सहा वर्षे प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला मीटरचे आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवत आले आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याआधीचे चार महिने पाहिले तर नोव्हेंबरात ७८, डिसेंबरात ७२, जानेवारीत ७० आणि फेब्रुवारीत ८२ युनिट असा आमचा वापर होता. मार्चमध्ये तो १४० झाला, एप्रिलमध्ये २३६, मेमध्ये ३१८ आणि जूनमध्ये २२६. घर तेच होते, माणसे तीच होती. आमच्याकडे एसी नाही, गिझर नाही, आणि जास्त काळ चालणारी उपकरणे म्हणाल तर तीन पंखे, एक कूलर, एक फ्रिज आणि बोअरची एक अश्वशक्तीची मोटर एवढीच.

आपल्या दररचनेत घरगुती वापराचे टप्पे दरमहा १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. पहिल्या टप्प्याच्या तुलनेत दुसऱ्या टप्प्यातील प्रत्येक युनिटचा दर दुपटीच्या आसपास जातो आणि तिसऱ्या टप्प्यात तो अडीच पटींहूनही वर चढतो. त्यावर वीज शुल्क १६ टक्क्यांनी लागते, म्हणजे दर वाढला की शुल्काची रक्कमही वाढते. १०० युनिटांची ही रेषा राज्यातल्या सगळ्या गावांना आणि वर्षातल्या सगळ्या महिन्यांना सारखीच आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. तो दिवसाचे २० तास फिरला तर दीड युनिट लागते. असे तीन पंखे महिनाभर फिरले तर १३५ युनिट होतात. म्हणजे कूलर, फ्रिज आणि दिवा यांपैकी काहीही न लावता, केवळ तीन पंख्यांच्या वाऱ्यावर राहणारे कुटुंबसुद्धा मे महिन्यात पहिल्या टप्प्याबाहेर फेकले जाते.

याच्या उलट हिवाळ्यात काय होते, तेही पाहावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आम्हाला पहिल्या टप्प्याच्या दराने ४०० युनिट वापरता आले असते, आम्ही ३०२ वापरले. उरलेले ९८ युनिट महिन्याच्या शेवटी कागदावरून पुसले गेले. थंडीत केलेल्या काटकसरीचा उन्हाळ्यात काहीच उपयोग नसेल, तर काटकसर कर, असे मी माझ्या मुलीला कशाच्या आधारावर सांगावे?

विद्युत कायदा, २००३ मधील कलम ६२ चे उपकलम (३) मी अनेकदा वाचले आहे. दर ठरवताना आयोगाने कोणत्याही ग्राहकाला अवाजवी झुकते माप देऊ नये, असे ते सांगते. पण त्याच वाक्यात ते असेही सांगते की, ठरावीक कालावधीतील एकूण वापर, वीज कोणत्या वेळी लागते ती वेळ, पुरवठ्याचे स्वरूप व प्रयोजन आणि त्या क्षेत्राचे भौगोलिक स्थान यांच्या आधारे दरात फरक करता येईल. भौगोलिक स्थान हे शब्द कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक घातले असतील, अशी माझी समजूत आहे. आमच्या भौगोलिक स्थानाचा विचार व्हावा एवढेच मी मागते आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

अशी सवलत दिली तर लोक वीज उधळतील, हा आक्षेप मला मान्य नाही. मी सवलत ३०० युनिटांच्या पुढच्या वापरासाठी मागत नाही. ज्यांच्या घरी दोन-दोन एसी चालतात त्यांनी आजच्याच दराने पैसे भरावेत. आणि काटकसरीविषयी म्हणाल, तर ती आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. गेल्या उन्हाळ्यानंतर मी पेन्शनमधून पैसे साठवून दोन खोल्यांतले जुने पंखे काढले आणि ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले. छताला दोन वेळा चुन्याचा हात दिला. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. कूलर एकाच खोलीत चालतो आणि दुपारी घरातली सगळी माणसे त्याच खोलीत येऊन बसतात. इस्त्री आठवड्यातून एकदाच करतो, प्यायचे पाणी माठातले. या सगळ्याचा परिणाम असा झाला की गेल्या वर्षी मार्च ते मे या तीन महिन्यांत आम्हाला ६९४ युनिट लागले होते, ते यंदा ६१२ वर आले. घरात बाळ-बाळंतीण असूनही ८२ युनिट कमी. मला त्याचा आनंद झाला होता.

तो आनंद जूनच्या बिलाने घालवला, आणि ही माझी दुसरी तक्रार आहे. आमचा मीटर रस्त्याकडच्या भिंतीवर, उंबऱ्याच्या बाहेर आहे. तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. तरीही मार्च आणि एप्रिलची बिले ‘मीटर वाचता आले नाही’ अशा नोंदीने, हिवाळ्यातील वापराच्या सरासरीवर, प्रत्येकी ८० युनिटांची आली. मेअखेरीस मीटर वाचला गेला आणि ६१२ मधून १६० वजा करून उरलेले ४५२ युनिट एकट्या मे महिन्याचे म्हणून लावले गेले. त्यांतले १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि १५२ तिसऱ्या टप्प्यात बसले. खरे पाहता ६१२ युनिट तीन महिन्यांत विभागले तर महिन्याला २०४ होतात, आणि एकही युनिट तिसऱ्या टप्प्यात जात नाही. साठलेला वापर त्या त्या महिन्यांत विभागूनच टप्प्यांचा लाभ द्यायचा असतो, हे मला कार्यालयातल्या एका सहृदय कर्मचाऱ्यानेच सांगितले. पण तो लाभ मिळवण्यासाठी मला एक लेखी अर्ज, तीन फेऱ्या आणि कॅलेंडरच्या तीन पानांच्या छायाप्रती द्याव्या लागल्या. बिल शेवटी दुरुस्त झाले, त्याबद्दल मी आभारी आहे. मात्र मला लिहिता-वाचता येते, युनिटांचा हिशेब करता येतो आणि निवृत्तीमुळे सकाळी अकरा वाजता कार्यालयात जायला वेळ आहे. आमच्या गल्लीत रोजंदारीवर जाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या बिलातले असे १५२ युनिट कोण शोधून देणार?

केंद्र सरकारने २०२० मध्ये केलेल्या ग्राहक हक्क नियमांत, दोन बिलांच्या पुढेही अंदाजे आकारणी चालू राहिली तर प्रत्यक्ष वाचनावरचे बिल मिळेपर्यंत रक्कम भरण्यास ग्राहक नकार देऊ शकतो, अशी तरतूद आहे. वीज तोडण्यापूर्वी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे २००३ च्या कायद्याचे कलम ५६ सांगते. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वीज तोडता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. या तीन गोष्टी बिलाच्या मागच्या बाजूला मराठीत, ठळक अक्षरांत छापल्या असत्या, तर त्या रात्री मी जागी राहिले नसते.

सुरक्षा ठेवीविषयी माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. ठेव घेणे चूक आहे असे मी म्हणत नाही. तिच्यावर व्याज मिळते, हेही खरे. मात्र वाढीव ठेवीची मागणी एप्रिल-मे महिन्यांतच यावी, याची आमच्याकडे किती झळ बसते ते मुंबईत बसून लक्षात येणे कठीण आहे. मराठवाड्यात दुकानदाराचे घर असो की शेतकऱ्याचे, हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनच्या गाड्या लागतात, तेव्हा दुकानदाराची उधारी फिटते, शिवणकाम करणाऱ्या बाईचे पैसे मिळतात, घरमालकाला भाडे मिळते. मे-जूनमध्ये हाच पैसा संपलेला असतो, कारण लग्नसराई होऊन गेलेली असते, मृगाच्या पेरणीसाठी खत आणि बियाणे घ्यायचे असते आणि शाळा उघडायच्या असतात. नेमक्या त्याच वेळी वर्षातले सगळ्यात मोठे बिल येते आणि त्याच्याच मागेपुढे ठेवीचे वेगळे बिल येते. ठेव हप्त्यांत भरता येते, हे मला शेजारच्या दुकानदाराकडून कळले. माझ्या हातातल्या कागदावर त्याचा उल्लेख कोठेही नव्हता.

चौथी गोष्ट दाबाची. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असावा आणि त्यात ६ टक्क्यांहून अधिक चढ-उतार नसावा, असा नियम आहे. मे महिन्यात संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत आमच्या स्टॅबिलायझरवर १७० चा आकडा मी अनेकदा पाहिला आहे. पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. कूलरचा पंप पाणी चढवत नाही. मोटर गुरगुरते, तापते आणि एखाद्या दिवशी जळते, आणि ती गुंडाळून आणण्याचा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. त्यातच बोअरचे पाणी खाली गेलेले असल्यामुळे जी टाकी जानेवारीत अर्ध्या तासात भरते तिला मेमध्ये दीड तास लागतो. म्हणजे पाणी कमी मिळते आणि वीज जास्त जाते. ज्या रोहित्रावर, म्हणजे आम्ही जिला डीपी म्हणतो तिच्यावर, दहा वर्षांपूर्वी चाळीस घरे होती त्यावर आज सत्तरच्या आसपास आहेत. डीपी जळाली की पहिला प्रश्न आम्हालाच विचारला जातो की कोणी वीजचोरीसाठी तारेवर आकडा टाकला होता का. आकडा टाकणाऱ्यावर कारवाई करावी, आम्ही साक्ष द्यायला तयार आहोत. पण गळती आणि वसुली पाहून वाहिन्यांचे गट पाडायचे आणि जास्त गळतीच्या गटात जास्त वेळ वीज बंद ठेवायची, या राज्यात अनेक वर्षे चालत आलेल्या पद्धतीने शिक्षा होते ती प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या घराला, कारण चोरी करणारा आणि वेळेवर भरणारा एकाच तारेवर असतात.

पाण्याचा आणि विजेचा हा संबंध आम्ही पुरता भोगलेला आहे. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र जुलै २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला कूलर कोरडाच पडून होता. त्यात घालायला पाणी कोठून आणणार? आम्ही ओले फडके पंख्यासमोर धरून सासऱ्यांच्या उशाशी बसत होतो.

सौर ऊर्जेकडे वळा, असे आम्हाला सांगितले जाते, आणि ते मला मनापासून पटते. ज्या उन्हाने आम्ही होरपळतो त्याच उन्हाची वीज व्हावी, यापरते चांगले काय? २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. आमच्या गल्लीत दोन घरांवर असे संच बसले आहेत आणि ती माणसे समाधानी आहेत. पण एका किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास मोकळे, सावली नसलेले, भक्कम छत लागते, आणि उरलेली रक्कम आधी हातात असावी लागते. भाडेकरूला छत नसते, आणि जुना पातळ पत्रा तो भार पेलत नाही. ज्यांना विजेच्या बिलाचा सगळ्यात जास्त ताप होतो ती घरे या योजनेच्या बाहेरच राहतात. मग निदान त्या उन्हाची वीज त्यांना स्वस्त मिळावी. दुपारी सौर वीज मुबलक असते आणि आमचा कूलरही दुपारीच चालतो. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर कमी ठेवण्याचे तत्त्व केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत आणले आहे. त्याचा लाभ ज्या घरात वेळेनुसार वापर नोंदवणारा नवा मीटर बसला त्यालाच मिळतो. मीटर बसवण्याचा क्रम ग्राहकाच्या हातात नसतो, तेव्हा तो बसेपर्यंत उन्हाळ्यापुरती काही ठोक सूट देणे न्याय्य ठरेल.

एक गोष्ट थोडक्यात सांगते. वितरण कंपनीविरुद्ध दाद मागत विद्युत लोकपालांपर्यंत जायचे तर त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही नाही. आठशे-हजार रुपयांच्या बिलासाठी रात्रभराचा प्रवास कोणी करत नाही, आणि म्हणून आमच्या तक्रारी आपल्या नोंदवहीत दिसत नाहीत. तक्रार नोंदवलेली नाही म्हणून ती नाहीच, असे आपण समजू नये.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत, आणि तेवढ्याच उष्ण असलेल्या विदर्भ व खानदेशातील जिल्ह्यांतही, मार्च ते जून या चार महिन्यांत घरगुती वापराचा पहिला टप्पा १०० ऐवजी २०० युनिटांचा करावा. गेल्या वर्षी या चार महिन्यांत आमचे ५२० युनिट पहिल्या टप्प्याबाहेर गेले होते. ही मागणी मान्य झाली असती तर ते १८० झाले असते. याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्यापुढे येईल, याची मला जाणीव आहे. २००३ च्या कायद्याचे कलम ६५ राज्य सरकारला ग्राहकांसाठी अनुदान देण्याची मुभा देते, मात्र ती रक्कम सरकारने आगाऊ भरावी लागते. आयोगाने तसा सल्ला सरकारला लेखी द्यावा.

२. हे तातडीने शक्य नसेल तर पहिल्या टप्प्याचा हिशेब दरमहा १०० ऐवजी वर्षाला १,२०० युनिट असा करावा, म्हणजे हिवाळ्यात न वापरलेले युनिट उन्हाळ्यात वापरता येतील. आमच्यासारख्या घराचा यात होणारा फायदा मोठा नाही, शंभरेक युनिटांचाच आहे. पण तो काटकसर करणाऱ्याला मिळेल.

३. मार्च ते जून या काळात सरासरीवर बिल देण्यास मनाई करावी. तरीही वाचन राहिले तर साठलेला वापर ग्राहकाने अर्ज न करता आपोआप त्या त्या महिन्यांत विभागला जावा, आणि लेखी हरकत नोंदवलेली असताना वीज तोडण्याचा संदेश पाठवू नये.

४. ज्या घरात तान्हे बाळ, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला रुग्ण किंवा ७५ वर्षांवरील व्यक्ती आहे, त्या घराची वीज या चार महिन्यांत थकबाकीपोटी तोडू नये, त्याऐवजी हप्ते पाडून द्यावेत.

५. वाढीव सुरक्षा ठेवीची मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाठवावी आणि हप्त्यांची सोय त्याच कागदावर छापावी.

६. प्रत्येक उपविभागातील रोहित्रांवर किती भार आहे आणि ती मागच्या उन्हाळ्यात किती वेळा जळाली, याची यादी दरवर्षी फेब्रुवारीत कार्यालयाच्या फलकावर लावावी, म्हणजे ती बदलण्याचे काम उन्हाळा लागण्याआधी होईल.

७. दरवाढीवरील जाहीर सुनावणी मराठवाड्यातील प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीतून आणि शक्यतो मे महिन्यात घ्यावी. एखादी सुनावणी आमच्याकडे दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या सभागृहात आणि भारनियमन चालू असताना झाली, तर मला फार काही बोलावे लागणार नाही.

अशा सुनावणीची तारीख ठरली तर ती स्थानिक वृत्तपत्रांत पुरेशी आधी प्रसिद्ध करावी, ही विनंती. मी माझी सहा वर्षांची कॅलेंडरे घेऊन येईन, आणि आमच्या गल्लीतल्या आणखी अकरा घरांनी यंदाच्या १ जुलैपासून मीटरचे आकडे लिहायला सुरुवात केली आहे, त्यांचीही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि घरगुती वीज ग्राहक
जिल्हा लातूर